चार बोटं उंच

७ एप्रिल १९५७, रविवार. आलापल्ली

बदलीचा कागद आला. एक जुलैला चांद्याच्या प्रसूतिगृहात हजर व्हायचं आहे. सुरुवातीची पाच वर्षं दर दिवाळीला बदली मागत होते, तेव्हा दवाखाना चालवणाऱ्या समितीनं दिली नाही. मग मागायचं विसरले, आणि आता मिळाली. माझी भाची कमळा मात्र हरखून जाईल. चांद्यात तिच्या घराशेजारी दोन खोल्या रिकाम्या आहेत. नळ आहे, विजेचा दिवा आहे. 'मावशी, आता तरी ये' हे वाक्य तिच्या प्रत्येक पत्रात असतं.

कागद हातात होता तेवढ्यात जंगू आला. भामरागडहून चालत, तीन दिवस. अंगणात बसला, तांब्याभर पाणी प्यायला, मग म्हणाला, "जोहार बाई. मंगलीले दिवस हायेत. पावसाच्या तोंडाले होईल."

मंगली त्याची मुलगी. गेल्या वर्षीचं तो काही बोलला नाही. मीही नाही. थोडा वेळ मोहाच्या फुलांबद्दल बोललो, यंदा कमी पडली म्हणतो. तो गेला तरी कागद माझ्या हातातच होता. त्याला वाचता येत नाही याचं मला आज बरं वाटलं.

९ एप्रिल

गेल्या वर्षीचं एकदा लिहून टाकते. तेव्हा वहीत नुसती तारीख टाकून पान कोरं सोडलं होतं.

मे महिना होता. मंगलीला कळा सुरू होऊन दीड दिवस झाला होता, मूल पायाळू आहे असा निरोप आला. आमचे ड्रायव्हर लटारूभाऊ आणि मी सकाळीच जीप काढली. पेरमिलीच्या पुढच्या नाल्यात, कोरड्या पात्रात, धोंड्यावर जीपचं पोट टेकलं. चारही चाकं फिरत होती आणि गाडी जागच्या जागी. चाकांखाली दगड रचण्यात दुपार गेली. शेवटी मी पिशवी खांद्याला लावून चालत निघाले. पुढे एक गाडीवान भेटला. पोचले तेव्हा मंगली वाचली होती, मुलगा गेला होता.

माझ्या मनात एक गोष्ट आहे, ती कोणाजवळ बोललेली नाही. वेळेवर पोचले असते तरी माझ्या हातून ते मूल जिवंत आलं असतं का? जीपवर सगळा दोष घालणं सोपं आहे.

आज लटारूभाऊंना विचारलं, "जीप चार बोटं उंच असती तर निघाली असती का हो?"

ते जीपखालीच होते. तिथूनच म्हणाले, "तीन बोटांनी बी निंगाली असती, बाई. मी मोजलं हाये."

म्हणजे वर्षभर हा माणूस ते बोटांनी मोजत बसला होता. लटारूभाऊ कुरखेड्याचे. लढाईत ब्रह्मदेशात मिलिटरीची गाडी चालवत. तीन वर्षांपूर्वी समितीनं लष्कराच्या लिलावातली ही जीप घेतली, तिच्याबरोबरच ते आले. बायको पूर्वीच गेलेली, धानाची शेती भाऊ पाहतो. बोलणं कमी.

१४ एप्रिल, रविवार

जीप उंच करायला पैसे मागितले होते, त्याला समितीचं उत्तर आलं. मंजूर केलं आहे, पण एवढंच, की मोठे टायर येतील किंवा कमानीचे पाटे, म्हणजे गाडी ज्यांवर तोललेली असते त्या पोलादी पट्ट्या. दोन्ही नाही. तेव्हा आज जीपभोवती बसून आमची सभा झाली. मी प्रश्न विचारायचे आणि लटारूभाऊंनी जमिनीवर काडीनं चित्र काढायचं.

पाटे वाढवले की गाडीचं पोट वर जातं. पण मागच्या आसाच्या मध्यावर जो लोखंडी गोळा असतो तो आहे तिथंच राहतो, कारण तो चाकांबरोबर असतो. गोळा उचलायचा तर चाकंच मोठी हवीत.

मी म्हटलं, "मग दोन मोठे टायर घेऊ, मागचे. उरलेल्यात पाटे."

"पुढचं चाक लहान, मागचं मोठं, अन् चारी चाकं जोडून चालवलं तर आतमंदी ओढाताण होते. गेर तुटते." हे सांगताना ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

"मग सांगा, गेल्या साली काय अडकलं होतं? पोट की गोळा?"

"पोट. गोळा धोंड्याच्या बाजूनं काढता येते. पोट नाई."

तर पाटे ठरले. टायर जुनेच.

१७ एप्रिल

लाकडाचे ठेकेदार सोमाजी औषधाला आले होते. जीप उंच करायची म्हटल्यावर म्हणाले, कशाला एवढी खटपट, आस आणि पाटे यांच्यामध्ये सागाचे ठोकळे घाला, माझ्या ट्रकला घातलेत.

मला पटलं. लटारूभाऊंनी मान हलवली. "त्यायच्या ट्रकचे पाटे आसाच्या वर हायेत. आपल्या जीपचे खाली. आपण ठोकळा घातला तर गाडी आनखी खाली बसंल."

माझा विश्वास बसेना. घरी येऊन लाटणं हा आस धरला, पळी हा पाटा, आणि मध्ये काडेपेटी घालून पाहिलं. खरंच खाली बसते. एवढं शिकलेली मी, आणि स्वयंपाकघरात बसून जीप उलगडते आहे. आईनं पाहिलं असतं तर कपाळावर हात मारला असता.

मग पाटेच आसाच्या वर घेता येणार नाहीत का, असंही विचारलं. येतात म्हणे, गाडी वीतभर उंच होते. पण मग गेरपासून चाकाकडे जाणारा दांडा तिरपा पडतो आणि त्याचा सांधा तुटतो. शिवाय उतारावर गाडी कलंडते. "पोटुशी बाई बसंल त्याच्यात," ते म्हणाले. तिथं तो विषय संपला.

२२ एप्रिल

बल्लारपुरास जाऊन आलो. सोमाजींच्या आवारात मोडीत निघालेली एक जीप पडली आहे. तिचे पाटे काढून आपल्यांत एकेक वाढवायचा. ट्रकचे पाटे तर ढीगभर होते, पण रुंद. कापायचे तर तापवावे लागतात, आणि तापवलं की पोलादाचा जीव जातो.

लटारूभाऊंनी एकेक पाटा दोरीला टांगला आणि हातोडीनं हलकेच मारला. काही पाटे घंटेसारखे वाजले. काही नुसते थप्प. थप्प वाजतो त्याला आत चीर आहे, किंवा तो कधीतरी जळला आहे. पंधरांतून सहा निवडले, चार बसवायला आणि दोन जादा. पाचवा कुठला घ्यावा यावर ते अडले, तेव्हा मला म्हणाले, "बाई, तुमचा कान चांगला. पोटाले कान लावून पोराचे ठोके आयकता तुमी." मी ऐकून सांगितला तोच घेतला. खरं म्हणजे दोन्ही मला सारखेच वाटले होते.

चांदा तिथून जवळ. खोल्या पाहून ये असं कमळानं मुद्दाम कळवलं होतं. वेळ झाला नाही.

२८ एप्रिल, रविवार

पेटी आवरायला काढली. तळाशी ३८ सालची माझी पहिली वही सापडली आणि आवरणं तिथंच राहिलं.

मी सत्तावीस वर्षांची होते. लग्न एका पावसाळ्यापुरतं झालं होतं. ते गेल्यावर कोरपन्याहून भावानं नागपूरला दाईचं शिक्षण घ्यायला पाठवलं. कापसाच्या काळ्या, मोकळ्या रानातली मी. इथल्या झाडांखाली पहिले कित्येक दिवस मला आभाळच सापडेना.

जंगूच्या बैलगाडीतून पहिल्यांदा भामरागडला निघाले. पहिला मुक्काम पेरमिली, दुसरा ताडगाव. त्याचे बैल पांढऱ्या आणि मोऱ्या. पाण्यापाशी ते आपणहून थांबायचे. ते थांबले की आम्ही उतरायचो, पाणी भरणाऱ्या बायांशी माझ्या मोडक्या शब्दांत बोलायचो. एकीनं मला चारं, म्हणजे चारोळीची फळं, खायला शिकवलं, दगडावर फोडून. वाटेतल्या प्रत्येक गावाचं, चार-पाच घरांच्या टोल्याचंही नाव मला पाठ होतं. कोणाची गाय व्याली, कोणाचं पोर चालायला लागलं, हेही.

जीपमधून आता दुपारपर्यंत पोचते. वाटेत बाया दिसतात त्या रस्त्याच्या कडेला सरकताना, पाठमोऱ्या. परवा एका टोल्याचं नाव आठवेना. लटारूभाऊंनाही ठाऊक नव्हतं.

मंगली मंगळवारी झाली म्हणून मंगली. इथलं माझ्या हातचं पहिलं मूल. गावच्या म्हाताऱ्या सुईणीनं मला सकाळपासून बाहेरच बसवलं होतं. दुपारी आतून फक्त हात बाहेर आला, आणि त्या हातानं मला आत ओढलं. जंगू तेव्हा पळसाखाली उभा होता, विशीतला पोरगा, घाबरून बैलाची शेपटी धरून.

पेटी तशीच उघडी आहे.

७ मे

कोलू लोहाराच्या भात्यापाशी सकाळ गेली. पाट्याचं टोक ज्या कडीनं गाडीला टांगलेलं असतं ती कडी लांब करून घ्यायची आहे. तिथून आणखी एक बोट मिळेल. कोलूचा हिशोब वेगळाच. तो म्हणाला, "लांबच पाह्यजे तर चांगली लांब कर ना, काऊन कंजुषी?" आणि त्यानं तीन बोटं जास्त लांब केली. मलाही वाटलं, उंचीत कसूर नको. लटारूभाऊ गप्प राहिले. मी बाई आणि कोलू वडीलधारा, म्हणून असेल.

१२ मे, रविवार

जीप उभी राहिली. लांब पायांच्या करकोच्यासारखी. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते. नागेपल्लीच्या रस्त्यावर नेली तर ती सरळ जाईना. सोडलं की डावीकडे, धरलं की उजवीकडे. लटारूभाऊंचे दंड भरून आले. परतल्यावर म्हणाले, "कड्या लई लांब झाल्या, बाई. पुढचा आस मागं कलला."

"हे तुम्हाला आधी ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी हात पुसले. मग म्हणाले, "तुमाले लई उंच पाह्यजे होती."

मला राग आला. त्यांचा नाही, माझाच. कड्या पुन्हा कोलूकडे दिल्या आणि लटारूभाऊंनी सांगितलेल्या मापाच्या करवून घेतल्या. शिवाय आस जागेवर यावा म्हणून पाट्याखाली पोलादाची निमुळती पाचर बसवायची. यापुढे उंचीबद्दल मी तोंड उघडणार नाही.

१९ मे, रविवार

आता सरळ चालते. नेमकी चार बोटं वर आली आहे. मोठे यू-बोल्ट आणि मधले लांब बोल्ट सोमाजींनी त्यांच्याकडचेच दिले, पैसे घेतले नाहीत. त्यांची सून माझ्याच हातची बाळंत झाली होती. ब्रेकच्या तेलाची रबरी नळी ताणली जात होती, ते लटारूभाऊंनी वेळीच पाहिलं. नाहीतर उतारावर तुटली असती.

उरलेल्या लोखंडाची त्यांनी माझ्या बाजूला एक पायरी केली आहे. म्हटलं, हे कशाला? म्हणाले, पेशंटले चढाले. पेशंट तर मागून चढतात, आडवे. पण असू दे. माझ्या गुडघ्याला सोयीची झाली आहे.

२७ मे

कमळाचं पत्र. खोल्यांना चुना लावून घेतला. आतल्या खोलीत दिवा कुठल्या भिंतीला हवा, विचारते. उत्तर लिहायला बसले, मग दवाखान्यात माणसं आली.

लटारूभाऊंनी विचारलं, "चांद्याले सामान कवा न्यायचं? दोन खेपा लागतीन." म्हटलं, बघू. पेटी अजून भरलेली नाही.

१० जून

नवी नर्स हजर झाली. रंभा तिचं नाव. हुशार आहे, हात हलका आहे. दवाखान्याच्या किल्ल्या तिला दिल्या. मला वाटलं होतं तसं काही वाटलं नाही. जेवायला बसले तेव्हा कमरेला किल्ल्या नाहीत हे जाणवलं.

१२ जून

मंगलीचा नवरा बिरजू सकाळी दारात. धावत, चालत आला आहे. परवापासून मंगलीचं पोट दुखतं, आणि म्हातारी सुईण सांगते की मूल याही खेपेला पायाळू. पाऊस अजून नाही, आभाळही कोरडं. अर्ध्या तासात निघतो आहोत.

१३ जून. भामरागड

कालचं लिहिते.

पेरमिलीच्या नाल्यापाशी लटारूभाऊंनी जीप थांबवली, उतरले, तो धोंडा पाहून आले. बिरजूला म्हणाले, तू उतर, वजन कमी होईल. मी उतरायला लागले तर म्हणाले, "तुमी बसा."

गाडी खाली गेली. मी डोळे मिटून घेतले. गेल्या वर्षीचा तो आवाज, लोखंड दगडावर घासण्याचा, माझ्या कानात आधीच येऊन बसला होता. वाट पाहिली. काहीच वाजलं नाही. डोळे उघडले तर आम्ही पलीकडच्या काठावर होतो आणि लटारूभाऊ मागे वळून धोंड्याकडे बघत होते.

"दोन बोटं राह्यली होती मधात," ते म्हणाले. इंजिन बंद केलं. बिरजू आल्यावर निघालो.

गावाच्या अलीकडची पर्लकोटा नदी घोटाभर पाण्यात ओलांडली. दुपारी दोनला पोचलो.

मूल पायाळूच. खरं दुखणं आज पहाटे सुरू झालं. नाळ मानेला एक वेढा. मंगलीनं माझा दंड धरला होता, तिथं अजून वळ आहेत. पाय आले, अंग आलं, हात सोडवले, मग डोकं अडलं. त्या दोन मिनिटांत मी काय केलं हे मला नीट सांगता येणार नाही, हातांनी केलं. मुलगी. निळी होती. पाठीवर चोळलं, तोंडात फुंकलं. मग ती रडली, अगदी बारीक, रागावल्यासारखी.

सगळं उरकल्यावर मी घरामागे जाऊन बसले आणि मला रडू आवरेना. आनंदाचं होतंच. पण मला कळलं होतं, की गेल्या वर्षीचा मुलगाही आला असता. वेळेवर पोचले असते तर माझ्या हातांना ते जमलं असतं. वर्षभर मला हेच तर हवं होतं, आणि आता ते सोसवत नाही.

जंगू कधी येऊन बाजूला बसला कळलं नाही. म्हणाला, "मागच्या खेपेले गाडी बुटकी होती, बाई."

एवढंच. मग त्यानं मला पानात गूळ दिला.

१५ जून

मायलेकी ठीक. मंगलीला थोडा ताप आहे म्हणून आज निघत नाही. लटारूभाऊ म्हणतात, नदीत पाणी वाढून राह्यलं. इथं तर एक थेंब नाही. वर बस्तरात पडला असेल.

१७ जून

मंगलीचा ताप गेला. पण पलीकडच्या टोल्यावर एक म्हातारी खोकते आहे, तिला बघून यावं म्हटलं. मग तिथल्या चार जणी पोरं दाखवायला आल्या. एकीला मी ओळखलं नाही, तिनं मला ओळखलं. "मले तुमीच काढलं," असं म्हणाली. दुपार अशीच गेली.

"उद्या निंगू," लटारूभाऊ म्हणाले. "पाणी आता गुडघ्यावर हाये. उद्यापावेतो निंगते गाडी."

१८ जून

सकाळी ते गाडी पाण्यातून काढायला पंख्याचा पट्टा काढून, जाळीवर ताडपत्री बांधून तयार होते. मी म्हटलं, बाळाचं वजन अजून वाढायला लागलेलं नाही, दोन दिवस बघायला हवं. हे खरं आहे. पाचव्या दिवशी नसतंच वाढत, हेही खरं आहे.

लटारूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग ताडपत्री सोडली, पट्टा परत बसवला. त्यानंतर निघायचं त्यांनी विचारलेलं नाही.

२१ जून

पर्लकोटा भरली. काठाच्या जांभळाच्या फांद्या पाण्यात. काल रात्रीपासून इथंही पाऊस. जीप उंचावर चिंचेखाली लावली आहे. चार बोटं काय, चार पुरुष उंच असती तरी आता उपयोग नाही. वाट दिवाळीच्या सुमारास उघडते.

एक जुलै तर गेलाच. कमळाला पत्र लिहिलं आणि घडी घालून वहीत ठेवलं, नेणार कोण? समितीला काय सांगायचं ते पाणी उतरल्यावर. मी फार अस्वस्थ व्हायला हवी होते. कदाचित थकव्यामुळे काही वाटत नसेल. झोप मात्र छान लागते.

२४ जून

उघडीप आहे. सकाळपासून जंगू आणि लटारूभाऊ मंगलीच्या घराशेजारची जागा साफ करत होते. माझ्यासाठी खोपटं. जंगूनं विचारलं, दार नदीकडं ठेवू का गावाकडं?

मी म्हटलं, "चार महिन्यांचं तर काम, कुठंही ठेव."

त्या दोघांनी कमरेइतके खोल खड्डे खणले आणि त्यांत येनाचे खांब उभे केले, जाड, साल काढलेले. येन वीस-वीस वर्षं कुजत नाही. चार महिन्यांसाठी बांबू पुरले असते, हे मी सांगणारच होते. पण आडवं लाकूड वर चढवताना तिसरा माणूस हवा होता. मी पदर खोचला आणि दुसरं टोक धरलं.

दार गावाकडं ठेवायला सांगितलं. बायांना येता-जाता हाक मारता येईल.